विस्तव शिकवणारे पुस्तक

रसिक श्रोतेहो, अंगणात किंवा गच्चीवर कोळशाची शेगडी मांडणाऱ्या हौशी माणसाने बार्बेक्यूची कोणती पुस्तके घ्यावीत, असा विषय ठाण्याच्या या वाचकमंडळाने मला दिला आहे. नावे मी सांगणारच आहे. पण त्याआधी, कित्येक वर्षे मनात घोळत असलेला एक विचार मांडू द्यावा. पुस्तक हाती आले की आपण पाककृती किती आणि छायाचित्रे कशी हे पाहतो. माझे म्हणणे असे की, त्यात विस्तवाविषयी किती पाने आहेत हे आधी पाहावे. मसाल्याची जाण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. गॅसच्या बटणावर वाढलेल्या आपल्या दोन पिढ्यांजवळ जे उरलेले नाही ते निखाऱ्याचे ज्ञान आहे, आणि पुस्तक विकत घ्यायचे ते त्यासाठीच.

हे मला कसे कळले ते थोडे विस्ताराने सांगतो. मी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो. चार्ल्स कोरिया यांनी तिथली घरे सामायिक अंगणाभोवती अशी मांडली आहेत की, एका घरी काही भाजले तर वास सगळ्यांना जातो आणि फसले तर धूरही सगळ्यांना जातो. काही वर्षांपूर्वी मी एक मोठे, गुळगुळीत कागदाचे परदेशी पुस्तक बऱ्यापैकी पैसे मोजून आणले आणि 31 डिसेंबरला आठ माणसांना जेवायला बोलावले. बोकडाची दोन किलोंची अख्खी मांडी आणली होती. पुस्तकात पानभर छायाचित्र होते आणि त्याखाली सूचना होती ती एवढीच, की मांस मध्यम आचेवर, झाकण ठेवून, दीड तास भाजावे.

मध्यम आच म्हणजे किती, हे त्या पुस्तकात कुठेही नव्हते. कोळसा नग मोजून सांगितला होता, कारण लेखकाच्या समोर साच्यात दाबलेल्या, एकसारख्या वड्या होत्या. माझ्यासमोर गोणपाटातला लाकडी कोळसा होता, ज्यात एक तुकडा मुठीएवढा तर दुसरा सुपारीएवढा असतो. मी सगळा कोळसा शेगडीभर पसरला आणि मांडी बरोबर त्याच्यावर ठेवली. चरबी निखाऱ्यांवर ठिबकू लागली, ज्वाळा उठल्या आणि वीस मिनिटांत बाहेरून काळी पडलेली ती मांडी हाडाजवळ पूर्ण कच्ची होती. मिठाचेही तसेच झाले. पुस्तकातले चमचे अमेरिकेतल्या जाड, हलक्या खड्यांच्या मिठाचे होते आणि त्याच चमच्यात आपले बारीक मीठ वजनाने जवळजवळ दुप्पट बसते. शेवटी शेजारच्या काकूंनी कुकर आणून दिला, मांस कापून त्यात शिजवले आणि पाहुणे रात्री साडेअकराला जेवायला बसले. मला त्या रात्री खरोखर वाईट वाटले, कारण मी एकही सूचना मोडली नव्हती.

त्याच थंडीत पनवेलपलीकडच्या एका वाडीत सहकाऱ्याच्या घरी पोपटीला गेलो. पोपटी इथे बहुतेकांनी खाल्ली असेल. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा आणि जाडे मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, तोंडाशी पुन्हा पाला, आणि पाणी किंवा तेल यांचा थेंबही नाही. सहकाऱ्याच्या काकांनी मडके उपडे ठेवून भोवती पेंढा, काटक्या आणि गोवऱ्या रचल्या. मी विचारले, “काका, किती वेळ ठेवायचे?” ते म्हणाले, “वरून पाणी शिंपडायचे. चर्र करून लगेच उडाले की काढायचे.” मग वारा कोणत्या बाजूने आहे, त्या बाजूला जळण कमी का घातले, पाला सैल राहिला तर मडके उलटताना काय होते, असे अर्धा तास ते बोलत राहिले. मसाल्याचा विषय त्यांनी काढलाही नाही. घरी येऊन मी ते गुळगुळीत पुस्तक पुन्हा उघडले आणि त्या काकांनी अर्ध्या तासात सांगितलेल्यांपैकी एकही गोष्ट त्यात नाही, हे माझ्या लक्षात आले.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि दहाच मिनिटे उरली आहेत. म्हणून मूळ विषय आता भराभर सांगतो.

सर्वांत आधी, पुस्तक बार्बेक्यूचे आहे की ग्रिलिंगचे, म्हणजे थेट निखाऱ्यांवर झटपट भाजण्याचे, हे पाहावे. आपण टिक्क्यालाही बार्बेक्यू म्हणतो. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र त्या शब्दाचा अर्थ सुमारे 107 ते 121 अंश सेल्सिअसच्या मंद, धुरकट उष्णतेत तासन्‌तास शिजवणे असा आहे. त्यानंतर निखारे एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला, या मांडणीची आकृती शोधावी. ती पहिल्या पन्नास पानांत नसेल तर पुस्तक परत ठेवावे. मीठ ग्रॅममध्ये आहे का आणि शिजल्याची खूण मिनिटांऐवजी आतल्या तापमानात दिली आहे का, हेही तपासावे. कोंबडीसाठी ते 74 अंश असते.

आता नावे. पहिले पुस्तक मी ‘मीटहेड’ हे सांगेन. ते 2016चे आहे. मांस आधी कडक भाजले की रस आत कोंडला जातो, यासारख्या समजुती त्यात प्रयोगाने तपासल्या आहेत, आणि मोठ्या तुकड्याचे तापमान मध्येच तासन्‌तास का अडते याचे उत्तर, म्हणजे घामाने अंग गार पडावे तसे बाष्पीभवनाने मांस थंड होत राहते हे, त्यात नीट समजावले आहे. आरन फ्रँकलिन यांचे ‘फ्रँकलिन बार्बेक्यू’ हे 2015चे पुस्तक टेक्सासमधल्या ऑस्टिनचे. त्यात पाककृती मोजक्याच आहेत आणि बहुतेक पाने भट्टी, लाकूड, आग आणि धूर यांना दिलेली आहेत. त्यातले गाईबैलाचे ब्रिस्केट, म्हणजे छातीचे मांस, महाराष्ट्रात 2015च्या कायद्यानंतर मिळणार नाही, तरी लाकडावरचे प्रकरण आपल्यालाही तितकेच लागू पडते. स्टीव्हन रायक्लन यांचा 1998चा ‘द बार्बेक्यू! बायबल’ हा पाचशे पाककृतींचा ग्रंथ आहे. तो जरूर घ्यावा, पण तिसऱ्या क्रमांकावर, विस्तव हातात बसल्यानंतर.

शाकाहारी मंडळींनी आणि ज्यांच्याकडे झाकणाची शेगडी नाही त्यांनी मात्र सुरुवात अर्जेंटिनाच्या फ्रान्सिस मालमन यांच्या ‘सेव्हन फायर्स’ या 2009च्या पुस्तकाने करावी. त्यात विस्तवाच्या सात पद्धती आहेत आणि त्यांतली रेस्कोल्दो म्हणजे निखाऱ्यांत आणि गरम राखेत भाजी पुरून भाजणे. भरताचे वांगे किंवा रताळे चुलीच्या राखेत भाजलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ती पाने आपल्याच घरातली वाटतील.

यांतली दोन पुस्तके मी आज सोबत आणली असून ती व्यासपीठाजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. ‘मीटहेड’मध्ये निखाऱ्यांच्या मांडणीच्या पानावर आणि मालमन यांच्या पुस्तकात राखेच्या प्रकरणावर कागदाची खूण घातली आहे, चहा येईपर्यंत ती पाने चाळावीत आणि खुणा कृपया तशाच राहू द्याव्यात.