उभे तास, आडवे तास

मंडळी, आधी माझीच फजिती सांगतो. एका वर्षी मृग लागला, दोन दिवस आभाळ भरून आलं आणि मी कपाशीची धूळपेर, म्हणजे पावसाआधीची कोरडी पेरणी, उरकून मोकळा झालो. एक सर आली, सरकीचे कोंब वर दिसले आणि पुढं सतरा दिवस थेंब नाही. दुबार पेरणी करावी लागली. घरात तेव्हा जे ऐकलं ते माईकवर सांगण्यासारखं नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगत होताच. ऐकतो कोण?

पण आज बियाण्यावर नाही, तासांवर, म्हणजे पेरणीच्या ओळींवर बोलायचं आहे.

पाऊस आता बेभरवशाचा झाला. आठ दिवसांचं पाणी एका रात्रीत पडतं, मग पंधरा-वीस दिवस खंड. आपली काळी जमीन भिजली की फुगते, भेगा मिटतात, पाणी मुरणं मंदावतं. म्हणून तेच सोयाबीन जुलैत पाण्यात पिवळं पडतं आणि शेंगा भरताना तहानेनं सुकतं.

आता आपल्या वावराचा आकार आठवा. आजोबांचं वीस एकर, चार भाऊ. प्रत्येकाला वरची बरड म्हणजे हलकी आणि खालची भारी जमीन, दोन्ही मिळावी म्हणून उताराच्या दिशेनं उभ्या पट्ट्या पाडल्या. न्याय चोख झाला. पण पट्टी लांब आणि अरुंद, त्यामुळं बैलजोडी असो की ट्रॅक्टर, लांबीनंच चालणार. आडवं चालवायचं तर दर पन्नास पावलांवर वळवा, डिझेल जाळा, ड्रायव्हरची कुरकुर ऐका. म्हणून तास उभे. उभा तास म्हणजे नाल्याला जोडलेली मोरीच, पाण्यासोबत माती घेऊन जाते.

रुंद वरंबा सरीचं यंत्र, आपलं बीबीएफ, चांगलंच आहे. वरंब्यावर पीक, जादा पाणी सरीत, खंड पडला तर तिथलीच ओल कामी येते. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, या सरकारी योजनेतून त्याचा प्रसारही झाला. पण तेच यंत्र उतारानं चालवलं तर सरीचीही मोरीच होते. यंत्र नसेल तर सहा ओळी पेरा, सातवी रिकामी सोडा आणि डवरणीच्या (उभ्या पिकातल्या कोळपणीच्या) वेळी डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी गच्च गुंडाळून तिथं सरी पाडा. खर्च काय, तर दोरीचा.

मागून कोणी तरी म्हणालं, ‘आडवं पेरायला भाऊ ऐकत नाही.’ खरी अडचण तीच आहे, मी नाकारत नाही. पण सातबारा बदलायचा नाही, धुरा, म्हणजे मधला बांध, मोडायचा नाही (तसेही कोरून कोरून वीतभरच उरलेत). चौघांनी एकच पीक घ्यायचं, एकच ट्रॅक्टर लावायचा. तो चारही पट्ट्यांतून आडवा जाईल, धुरा आला की यंत्र उचलेल, पलीकडं टेकवेल. वळणं वाचतात. काढणी ज्याची त्यानं करावी. फक्त सरीतलं जादा पाणी कुठून काढायचं, हे पेरणीआधी ठरवा. नाही तर ऑगस्टमध्ये तुम्ही तहसीलमध्ये भेटाल.

मिस्त्री पातळी काढायला वापरतो ती पाण्याची नळी कोणाकडं आहे? उद्या सकाळी सहाला नाल्याकाठच्या वावरात उतार मोजू. भावालाही घेऊन या.