खड्ड्यातले सोळा महिने

(दृश्य: पहाट, चाळीची गच्ची. खाली निळे पत्रे, आत मोकळी जमीन.)

हे लालबाग. ही आमच्या चाळीची गच्ची, आणि समोर निळे पत्रे दिसतायत ना, तिथे टॉवर होणारे. रस्त्यावरून बघाल तर पत्र्यावर फक्त चित्र आहे, स्विमिंग पूल, हिरवळ आणि एक हसरी फॅमिली जी आमच्या गल्लीत आजपर्यंत कोणाला दिसलेली नाही. आत काय चाललंय ते गच्चीवरूनच दिसतं. म्हणून कॅमेरा पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला आणि सोळा महिने जमेल तेव्हा चालू केला.

आधी इथे गिरणीचं गोदाम होतं. मुंबईतली पहिली कापडगिरणी ताडदेवला, १८५४ची. मग सगळं गिरणगाव उभं राहिलं, आणि १९८२च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. पुढचं आमच्या चाळीत प्रत्येकाला आपापल्या घरातून माहितीये, त्यामुळे तिथे थांबत नाही.

(दृश्य: पायलिंग रिग. मातीने भरलेला ऑगर, म्हणजे भोक पाडणारा मोठा स्क्रू, वर येतो.)

सगळ्यात आधी आलं हे धूड. पायलिंगची रिग. लोकांना वाटतं आधी खड्डा खणतात. तसं नाही. आधी खड्ड्याची भिंत बांधतात, जमिनीतच, खड्डा नसताना! प्लॉटच्या कडेने एकाला एक लागून गोल भोकं पाडायची आणि त्यात काँक्रीटचे खांब ओतायचे, याला शोअर पायलिंग म्हणतात. नाहीतर आतली माती काढली की बाहेरचा रस्ता, गटार आणि आमची चाळ हळूच आत यायला निघेल.

आता हा राखाडी चिखल बघा. घाण पाणी वाटतं पण ते बेंटोनाइट आहे, एका जातीची माती पाण्यात कालवलेली. भोकाच्या भिंती ढासळू नयेत म्हणून भोक याने भरून ठेवतात. मग सळयांचा पिंजरा आत सोडतात, आणि एक लांब पाइप, ट्रेमी म्हणतात त्याला, तो पार तळापर्यंत. काँक्रीट तळापासून भरत वर येतं आणि चिखलाला वर ढकलतं. म्हणजे वरून ओतायचं पण भरायचं खालून. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी चहा टाकून बघत बसलो होतो.

ही पोरं बंगालची, मालद्याकडची. चार महिने होती. शेवटचा पाइल झाला, रिग ट्रेलरवर चढली आणि त्याच रात्री टोळी गेली, पुढच्या साइटवर. खड्डा त्यांनी बघितलाच नाही.

(दृश्य: पोकलेन, डंपरची रांग. एकाच जागेचे सहा शॉट, प्रत्येकात जमीन अजून खाली.)

मग पोकलेन. हे सहा शॉट एकाच जागेवरचे आहेत, नीट बघा. वर काळपट भराव, त्यात विटा, राख, कुठे कपबशीचे तुकडे. मुंबई सात बेटांची, मधल्या खाड्या भरून झाली, हे शाळेत पाठ केलेलं, इथे डोळ्यांनी दिसलं. खाली पिवळा मुरूम. मग कुजलेला दगड, ब्रेकरने ठेचला की भुगा होतो. आणि मग हा काळा कातळ. इथे आवाज बदलला. आधी धडधड होती, आता ठण्ण ठण्ण, सकाळपासून, आमच्या ताटातल्या वाट्या हलायच्या.

पावसात अर्ध्या खड्ड्याचं तळं झालं, पंप दिवसरात्र. गणपतीत डंपर जवळपास बंदच, आमच्या रस्त्यावर त्या दिवसांत मुंगीला जागा नसते. त्या दहा दिवसांचं फुटेज नाही, आम्ही पण मंडपातच होतो.

चाळीच्या मागच्या भिंतीला तडा गेला. साइटवरून माणूस आला, तड्यावर काचेची पट्टी चिकटवली, तारीख टाकली. पट्टी फुटली, दुसरी लावली.

(दृश्य: रात्र, हॅलोजन. सळयांचं जंगल, त्यात हेल्मेटचे पिवळे ठिपके.)

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

खाली राफ्ट. टॉवरचा सगळा भार घेणारी काँक्रीटची एकच लादी, तीन मीटर जाड, आमच्या खोलीच्या उंचीएवढी. खाली एक जाळी, वर एक जाळी, मध्ये फिटर लोक वाकून चालतायत. एकेक गाठ आकड्याने, हाताने, बायंडिंग वायरची. मोजायला बसलो होतो, एका माणसाच्या पाच मिनिटात सोडून दिलं.

लादी अंदाजे तीस बाय चाळीस मीटर. म्हणजे ३६०० घनमीटर. एका मिक्सर गाडीत धरा सहा, झाल्या ६०० फेऱ्या. आणि मध्ये थांबायचं नाही, कारण आधीचा माल घट्ट झाल्यावर नवीन ओतला की सांधा राहतो, कोल्ड जॉइंट. शनिवारी रात्री सुरू झालं, सोमवारी पहाटे संपलं. दर तीन मिनिटाला एक गाडी.

काँक्रीट घट्ट होताना तापतं, त्यात एवढी जाडी, आतली उष्णता बाहेर पडायला जागाच नाही. म्हणून प्लांटवर थोड्या पाण्याऐवजी बर्फ घालतात, आणि या ज्या वायरी बाहेर आल्यात ना त्या आतलं तापमान सांगतात. आत सत्तर अंशाच्या वर जाऊ द्यायचं नाही. आणि गंमत म्हणजे वरून गार करायचं नाही, उलट पांघरूण घालायचं. आतलं गरम आणि वरचं थंड झालं की तडकतं. बाळंतिणीसारखं जपतात, असं चाळीतल्या मावशी म्हणाल्या, ते वाक्य ठेवलंच पाहिजे होतं.

सोमवारी सकाळी व्हायब्रेटरवाला, म्हणजे ओलं काँक्रीट थरथरवून नीट बसवणारा, त्याच ओल्या कपड्यात पत्र्याला टेकून झोपलेला. हा शॉट आम्ही कापला नाही.

(दृश्य: राफ्टमधून वर आलेले चार लोखंडी पाय.)

हे चार पाय दिसतायत? ते क्रेनचे. राफ्ट ओतायच्या आधीच बसवलेले, सर्व्हेवाला दुर्बिणीतून तपासत होता दोन दिवस. दोन मीटरच्या अंतरात एक मिलिमीटर चुकला, तर चाळीस मीटर वर क्रेन वीस मिलिमीटर कललेली.

मग रविवारी रस्ता अडवून मोठी मोबाइल क्रेन आली, क्रेन उभी करायला क्रेन. मास्टचे, म्हणजे क्रेनच्या उभ्या खांबाचे तुकडे एकावर एक. मग गोल फिरणारा भाग आणि केबिन. मग मागचा छोटा हात, त्यावर थोडं वजन. सगळं वजन आत्ताच टाकलं तर मागे झुकेल, अजिबात नाही टाकलं तर लांब हात लावताना पुढे. तो मधला अर्धा तास गच्चीवर कोणी बोलत नव्हतं.

(दृश्य: जिब, म्हणजे क्रेनचा लांब हात, हवेत. दोरी धरलेली दोन माणसं खाली, दोन वर.)

यांना खलाशी म्हणतात, समुद्र नसला तरी. शब्दही बंदरावरचे, वर घे म्हणजे ‘हाबिस’, खाली सोड म्हणजे ‘आर्या’. लांब हात हळूहळू वर आला, भोकासमोर भोक आलं, आणि वरच्या माणसाने पिन लावून घण घातला. आवाज आमच्यापर्यंत अर्ध्या क्षणाने आला, बघा, घण आधी दिसतो, ठण्ण नंतर. टाळ्या चाळीतून पडल्या, त्यांना ऐकू गेल्या की नाही कोण जाणे.

खलाशी दुसऱ्या दिवशी गेले.

(दृश्य: सकाळ. ऑपरेटर शिडी चढतोय, खांद्याला डबा.)

आता वर हा एकटा असतो. सकाळी चढला की संध्याकाळी उतरतो. टॉवर वाढेल तशी क्रेन स्वतःला जॅकने उचलून मध्ये नवा तुकडा घालून घेईल, आणि शेवटी तुकडे करून खाली उतरवतील. ते चार पाय मात्र राफ्टमध्ये गाडलेलेच राहतील, वर पार्किंग येईल.

(दृश्य: रात्र. काम बंद. क्रेनवर लाल दिवा.)

रात्री ब्रेक सोडून ठेवतात, वाऱ्याशी भांडायला नको म्हणून. मग समुद्राकडून वारा आला की तो अख्खा हात आपोआप वळतो, आवाज न करता, आमच्या गच्चीच्या दिशेला.