‘चालंना झालाय’ म्हणजे नेमकं काय?

(अंबाजोगाईत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माझं परभणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. संध्याकाळी क्लास सुटले की तिथं सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “मावशी, गेम चालंना झालाय.” मी विचारते, काय होतंय? उघडतच नाही, का उघडून बंद पडतोय, का स्क्रीन काळी आणि नुसता आवाज येतोय? पोरगं म्हणतं, “चालंनाच की.” आज मी या एका वाक्याबद्दल बोलणार आहे. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटरवर घालता येणारी फुकट आणि मुक्त प्रणाली. तिच्यावर आज विंडोजचे जे हजारो गेम चालतात, त्यांच्यामागे हे वाक्य तिथंच न सोडता पुढं चार ओळी लिहून ठेवणारी माणसं आहेत, असं माझं ठाम मत आहे.

आधी हे चालतं कसं ते बघू. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेतीचे जुने कागद असतील, त्यांना ठाऊक आहे की निजामाच्या काळातले पुष्कळ कागद उर्दूत आहेत. ते वाचणारा एखादा म्हातारा गाठावा लागतो. तो कागदाला हात लावत नाही. उर्दू वाचतो आणि तिथल्या तिथं मराठीत सांगत जातो. विंडोजसाठी लिहिलेला गेम हा तसा उर्दू कागद समजा. ‘वाइन’ नावाचा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला, तो हा वाचून सांगणारा माणूस. गेम विंडोजकडे जे मागतो, ते वाइन लिनक्सकडून मिळवून देतं. प्रोसेसर तोच राहतो, नकली विंडोज कुठं उभं करावं लागत नाही.

चित्रांचं काम मात्र फार अवघड होतं. विंडोजचे गेम ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्ट-थ्रीडीच्या भाषेत बोलतात. वाइन ते ओपनजीएल या लिनक्सला कळणाऱ्या जुन्या चित्रभाषेत सांगायचं, आणि नव्या गेममध्ये त्या सांगण्यात दम लागायचा. २०१६ मध्ये व्हल्कन ही त्याच कामाची नवी भाषा आली. मग फिलिप रेबोले या प्रोग्रामरला ‘निअर: ऑटोमेटा’ हा एक गेम लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्यानं डायरेक्ट-थ्रीडीचं थेट व्हल्कनमध्ये भाषांतर करणारं ‘डीएक्सव्हीके’ लिहायला घेतलं. एका गेमची ओढ, बाकी काही नाही. मला ही गोष्ट फार आवडते. पुढं ‘स्टीम’ हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं त्याला पाठबळ दिलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन, डीएक्सव्हीके वगैरे एकत्र बांधून ‘प्रोटॉन’ आणलं. २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र आलं, तेही लिनक्सवरच. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्सवाल्यांचा वाटा पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला.

आता आपल्या गावाकडं येऊ. आपल्याकडं नवा गेमिंग लॅपटॉप घेणारे थोडे. पुण्या-हैदराबादच्या ऑफिसांतून निघालेले जुने लॅपटॉप आपल्या बाजारात येतात. त्यात इंटेलच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीचे प्रोसेसर असले, तर त्यांच्या ग्राफिक्सला व्हल्कन पूर्ण येत नाही. लिनक्स स्वतःच टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, बजावून सांगतं की याचं व्हल्कन अपुरं आहे. डीएक्सव्हीकेच्या २.० आवृत्तीपासून तर व्हल्कन १.३ लागतंच. अशा यंत्रावर गेम उघडंना झाला की पोरं म्हणतात, लिनक्सच बेकार. लिनक्सचा दोष नसतो, दुभाषी बदलायचा असतो. जुना ओपनजीएलचा मार्ग वापरायला प्रोटॉनला सांगता येतं, गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये एक ओळ घालून. वेग कमी मिळतो, पण दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे बरेच गेम त्यावर निभतात. आणि जुना लॅपटॉप घेणारच असाल तर पाचशे-हजार जास्त गेले तरी सहाव्या पिढीच्या पुढचा घ्या. हे मी दुकानदार म्हणून नाही, तुमची मावशी म्हणून सांगते.

एक प्रसंग सांगते. मानवतचा एक अकरावीतला मुलगा लॅपटॉप घेऊन आला. ‘प्ले’ दाबलं की बटण क्षणभर ‘स्टॉप’ व्हायचं आणि परत ‘प्ले’. ना खिडकी, ना एरर. मी त्याच्याकडून तीन गोष्टी काढून घेतल्या: लिनक्स कोणतं, प्रोटॉनची आवृत्ती कोणती, आणि गेम कुठल्या ड्राइव्हवर आहे. तिसऱ्या उत्तरातच सगळं होतं. गेम विंडोजच्या डी ड्राइव्हवर होता, म्हणजे एनटीएफएस या विंडोजच्या फायली ठेवायच्या पद्धतीवर. त्याचंही बरोबर होतं. रोजचा दीड जीबी डेटा, गेम ४० जीबीचा. दुसऱ्यांदा कोण उतरवणार? पण प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी विंडोजसारख्या रचनेचं फोल्डरांचं एक छोटं घर बांधतं आणि त्यात ‘सी’ आणि पुढं दोन टिंबं अशा नावाची फाईल ठेवतं. एनटीएफएसला नावातली ती दोन टिंबं चालत नाहीत, तिथं घोळ होतो. ते घरापुरतं फोल्डर लिनक्सच्या डिस्कवर नेलं, गेम आहे तिथंच ठेवला. खेळ सुरू.

हे मला कुठून कळलं? दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुठल्या देशात, हीच अडचण भोगून लिहून ठेवलं होतं. प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर हेच चालतं. खेळणारे आपल्या यंत्राची माहिती देतात, गेम कसा चालला ते लिहितात, त्यावरून त्याला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ असा दर्जा मिळतो. पण तिथं लिहिणारे बहुतेक चांगल्या यंत्रांवाले असतात. ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, अध्येमध्ये जाणारी लाईट, अशा परिस्थितीतून आलेली नोंद मला क्वचित दिसते. ती नोंद तुम्हीच लिहू शकता. स्टीमच्या मदत मेनूत सिस्टीम माहिती मिळते, ती जशीच्या तशी चिकटवा. प्रोटॉनला लॉग, म्हणजे काय काय घडलं त्याची नोंद, लिहायला लावा, तो तुमच्या होम फोल्डरमध्ये पडतो. मग लिहा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. दुरुस्त करणाऱ्याला तुमचं व्याकरण नको असतं, तुमची आवृत्ती हवी असते.

डेटाचं दुखणं निघालंच आहे तर सांगते. २०२३ पासून स्टीममध्ये एकाच वायफायवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून गेम ओढून घेता येतो. हॉस्टेलवर एकानं उतरवला की ज्यांच्या खात्यावर तो गेम आहे त्यांना डेटा वाचवता येतो. शेडरचा, म्हणजे गेमची चित्रं रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा, साठा आधीच उतरवून ठेवायची सोय असते, ती बंद केली तरी आणखी डेटा वाचतो, मात्र सुरुवातीला गेम थोडा अडखळतो. आणि लाईट गेल्यावर बॅटरीवर खेळत असाल तर फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ३० वर अडकवा.

काही दारं मात्र बंद आहेत. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, कारण त्याचं फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसतं. ॲपेक्स लेजंड्स चालायचा, २०२४ च्या शेवटी तोही लिनक्सवर बंद केला गेला. त्यावर उगाच रात्री घालवू नका.

त्यापेक्षा जे मुळात आपलंच आहे ते खेळा. ‘झिरो ए.डी.’ हा प्राचीन साम्राज्यांचा खेळ आहे, फुकट आणि मुक्त. त्यात मौर्य आहेत, आणि त्यांचा कामकरी हत्ती लाकूड-दगड जमा करायला रानात सोबत येतो. मानवतच्या त्याच मुलानं मला विचारलं, “मावशी, मौर्य आहेत तर सातवाहन काहून नाहीत? पैठण तर आपल्या शेजारीच आहे.” खेळाचा काळही त्यांना बसणारा. मी म्हणलं, नाहीत तर तू घाल. त्यातली प्रत्येक संस्कृती साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेली असते, कुणीही उघडून बघावी. तो एका रविवारी तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन मातीच्या मूर्ती बघून आला. मग मौर्यांच्या फायलीची नक्कल करून नाव बदललं. मागच्या आठवड्यात परत दुकानात आला.

“मावशी, सातवाहन यादीत दिसंना झालेत,” म्हणला, आणि मी काही विचारायच्या आत वहीचं पान पुढं केलं. त्यावर खेळाची आवृत्ती होती, फायलीचं नाव होतं, एरर जशीच्या तशी उतरवलेली होती, ओळीच्या आकड्यासकट. आम्ही ती ओळ उघडली. तिच्या वरच्या ओळीत एक स्वल्पविराम राहिला होता.