शोदोशिमा : मीठ, लाकडी पिंपे आणि उन्हात वाळणारे सोमेन

जपानमधल्या ताकामात्सु बंदरातून सुटलेली फेरीबोट साधारण तासाभरात शोदोशिमाच्या तोनोशो बंदराला लागते. सेतो अंतर्देशीय समुद्रातल्या बेटांमध्ये आवाजीच्या खालोखाल मोठे असले, तरी हे बेट अवघे १५३ चौरस किलोमीटरचे आहे. इथे पूल नाही आणि रेल्वेही नाही. जे काही येते ते बोटीने येते आणि जे जाते तेही बोटीनेच जाते. बेटावरचे जेवण समजून घेण्यासाठी ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण इथल्या प्रत्येक चवीमागे समुद्रमार्गाने झालेली कसली ना कसली देवाणघेवाण आहे.

पर्यटक इथे निसर्ग पाहायला येतात आणि जाता जाता काहीतरी खातात. आम्ही मात्र उलट्या वाटेने निघालो आहोत, कारण या बेटावरची खरी प्रेक्षणीय स्थळे म्हणजे इथली कोठारे, वाळवणाची अंगणे आणि बागा आहेत, असे आमचे मत आहे.

या भागात पाऊस कमी पडतो आणि ऊन भरपूर असते. त्यामुळे पूर्वीपासून इथे मिठागरे होती. पुढे सेतो समुद्राच्या काठाकाठाने सगळीकडेच मीठ पिकू लागले, त्याला भाव मिळेनासा झाला, तेव्हा बेटावरच्या लोकांनी मीठ विकण्याऐवजी ते मुरवायला घेतले. क्युशू या दक्षिणेकडच्या मोठ्या बेटाकडून जहाजांनी सोयाबीन आणि गहू आणायचा, आपल्या मिठात तो आंबवायचा आणि तयार झालेला सोय सॉस ओसाकाच्या बाजारात पाठवायचा, असा हा व्यवहार होता. त्याला सुमारे चारशे वर्षे झाली. १६२० च्या दशकात ओसाका किल्ल्याची पुनर्बांधणी झाली, तेव्हा त्याच्या तटासाठी लागणारा दगड याच बेटावरून गेला. त्या कामासाठी आलेल्या माणसांबरोबर सोय सॉसची चव बेटावर पोहोचली, असे इथे सांगितले जाते. खाणीतून काढलेले पण किल्ल्यापर्यंत कधीच न पोहोचलेले चिरे आजही किनाऱ्यावर पडून आहेत.

बेटाच्या आग्नेयेकडील उमाकी भागात आता आपण आहोत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जळक्या लाकडाच्या फळ्यांची काळी कोठारे उभी आहेत आणि गाडीची काच खाली केल्याबरोबर आंबूस, खमंग वास आत शिरतो. बेटावर आजही सोय सॉसचे वीसच्या आसपास कारखाने चालतात. त्यांपैकी मारुकिन हा १९०७ मध्ये सुरू झालेला मोठा कारखाना असून त्याच्या जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे.

पण थांबायचे आहे ते लहान कोठारात. आत अंधार आहे आणि डोळे सरावल्यावर माणसाहून उंच लाकडी पिंपांच्या रांगा दिसू लागतात. देवदारासारख्या सुगी वृक्षाच्या फळ्या उभ्या जोडून त्यांना बांबूच्या पट्ट्यांनी आवळलेले असते. पिंपाच्या बाहेरच्या अंगावर, तुळयांवर आणि भिंतींवर बुरशीचा जाड, खरबरीत थर साचलेला आहे. एखाद्याला ही अस्वच्छता वाटेल, पण याच थरात आणि लाकडाच्या रंध्रांत ते सूक्ष्मजीव पिढ्यान्पिढ्या वस्तीला आहेत, ज्यांच्यामुळे एका कोठाराची चव शेजारच्या कोठारासारखी होत नाही. म्हणूनच इथे कोणी झाडू घेऊन भिंती खरवडत नाही आणि पाहुण्यांनी त्या दिवशी नात्तो हे आंबवलेले सोयाबीन खाऊन आत येऊ नये, अशी विनंती असते. नात्तोतले जिवाणू फार चिवट असतात.

कृती ऐकायला साधी आहे. सोयाबीन वाफवायचे, गहू भाजून भरडायचा, दोन्ही एकत्र करून त्यांवर कोजी नावाची बुरशी वाढू द्यायची आणि ते मिश्रण मिठाच्या पाण्यासह पिंपात भरायचे. या दाट, तपकिरी मिश्रणाला मोरोमी म्हणतात. हिवाळ्यात ते निपचित पडून असते आणि उन्हाळ्यात त्याला बुडबुडे फुटू लागतात. अरुंद फळीवर उभे राहून ते लांब दांड्याने ढवळावे लागते. मोठ्या कारखान्यांतल्या पोलादी टाक्यांमध्ये उष्णता देऊन जे काही महिन्यांत उरकते, त्यासाठी इथे ऋतूंची वाट पाहिली जाते. एखादे वर्ष हे तर नेहमीचेच, पण तयार सॉसमध्ये पुन्हा सोयाबीन आणि गहू घालून दुसऱ्यांदा मुरवलेल्या प्रकाराला चार-चार वर्षे लागतात. आपल्याकडे मराठवाड्यात आणि विदर्भात एवढे सोयाबीन पिकते, पण ते बहुतांशी तेलाच्या घाण्याकडे जाते. त्याच दाण्याला दिलेला हा वेळ पाहताना मराठी माणसाला विशेष नवल वाटेल.

जपानमध्ये आज लाकडी पिंपात मुरवलेल्या सोय सॉसचे प्रमाण जेमतेम एक टक्का आहे आणि अशी हजाराहून अधिक पिंपे एकट्या शोदोशिमावर आहेत. एक पिंप शंभर-दीडशे वर्षे टिकते. त्यामुळेच एक विचित्र पेच उभा राहिला. पिंप बनवणाऱ्याला एका गिऱ्हाइकाकडून दुसरी मागणी यायला काही पिढ्या जात, आणि मोठी पिंपे बनवणारे कारागीर जपानभर जवळजवळ संपले. ही चिंता ओळखून यामारोकू या इथल्या छोट्या कारखान्याच्या मालकाने २०१२ मध्ये दोन सुतारांना बरोबर घेऊन साकाई येथील कारागिरांकडे हे काम शिकायला सुरुवात केली. आता दर जानेवारीत बेटावर नवी पिंपे बांधली जातात आणि ते शिकायला जपानच्या इतर भागांतूनही उत्पादक येतात, त्यांत स्पर्धकही असतात. बांबूचा पट्टा वळताना सात-आठ माणसे एकदम जोर लावतात, तेव्हा कोण कोणाचा स्पर्धक आहे, हे ओळखता येत नाही. या बेटावर आम्ही जे काही पाहिले, त्यात हे काम आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

सोय सॉसच्या जोडीने इथे सोमेन, म्हणजे गव्हाच्या बारीक शेवया, आहेत. साधारण १५९८ च्या सुमारास इसे या तीर्थक्षेत्राच्या यात्रेला गेलेल्या बेटकरांनी परतीच्या वाटेवर मिवा इथे ही विद्या शिकून घेतली, असे मानतात. शेतीची कामे थंडावलेल्या हिवाळ्यात घराला लागलेला हा जोडधंदा होता. गव्हाचे पीठ, मीठ आणि पाणी यांची कणीक पिळत, दुमडत, मध्ये मध्ये विसावा देत ओढत न्यायची. धागे सुकू नयेत आणि चिकटू नयेत म्हणून त्यांना तिळाचे तेल लावतात, आणि ही शोदोशिमाची खूण आहे. शेवटी दोन दांड्यांवर ताणलेल्या धाग्यांच्या पडद्यात लांब काड्या घालून चिकटलेले धागे वरून खाली सोडवत नेतात. हात जरा जड पडला की धागा तुटतो. मग ही चौकट अंगणात उन्हाला लावली जाते आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात ते पांढरे धागे हलत राहतात. ज्यांनी आजीला खाटेवर शेवया वाळवताना पाहिले आहे, त्यांना हे अंगण मुळीच परके वाटणार नाही.

वाळण्यापूर्वीचे ओले सोमेन मात्र बेटाबाहेर क्वचितच मिळते. ते उकळत्या पाण्यातून काढून गार पाण्यात धुतात आणि थंड रस्स्यात बुडवून खातात. त्याला वेगळाच चिवट लुसलुशीतपणा असतो. शाकाहारी प्रवाशांनी एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की हा रस्सा बहुधा सुकवलेल्या मासळीच्या अर्कावर केलेला असतो. नुसता सोय सॉस आणि किसलेले आले मागून घेतले, तरी जेवण चांगले होते. मासे खाणाऱ्यांनी हिशिओ-दोन अवश्य मागवावे. भातावर बेटाच्या आसपासची मासळी आणि भाज्या, त्यांवर इथलाच सोय सॉस किंवा मोरोमी, आणि तोंडी लावायला ऑलिव्ह किंवा त्सुकुदानी, म्हणजे सोय सॉसमध्ये आटवलेले समुद्रशैवालासारखे पदार्थ, असा तो वाडगा असतो.

ऑलिव्ह इथे सरकारी प्रयोगातून आला. मासे तेलात घालून डबाबंद करता यावेत म्हणून १९०८ मध्ये तीन प्रांतांत रोपे लावण्यात आली आणि त्यांतली फक्त शोदोशिमावरची तगली. १९५९ मध्ये परदेशी ऑलिव्हची आयात खुली झाल्यावर बागा घटल्या, पण लोकांनी हे पीक पुन्हा उभे केले. शरद ऋतूत हिरवी फळे हाताने, एकेक करून खुडतात. झाडावरचे फळ कमालीचे कडू असते. क्षाराच्या पाण्यात कडवटपणा काढून फिक्या मिठवणीत घातलेले ताजे ऑलिव्ह ऑक्टोबरमध्ये बाजारात येतात आणि ते बाटलीतल्या खारट ऑलिव्हपेक्षा पुष्कळच सौम्य लागतात. तेल गाळून उरलेला चोथाही वाया जात नाही, तो वाळवून गुरांना घालतात.

पाहण्याजोगे निसर्गसौंदर्य अर्थातच आहे. ज्वालामुखीच्या खडकांतून झिजून घडलेली कांकाकेइ दरी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लाल-पिवळ्या पानांनी भरून जाते आणि तिच्यावरून जाणारा रोपवे पाच मिनिटांचा आहे. ओहोटीच्या वेळी दिवसातून दोनदा उघडी पडणारी एंजल रोड ही वाळूची वाट लोकप्रिय आहे, तिथे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच जावे. तोनोशोजवळची दोफुची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी अवघी ९.९३ मीटर आहे.

बेटाच्या मध्यभागी नाकायामाची भातखाचरे डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी उतरत येतात. त्यांच्या खालच्या अंगाला हितोयामा गाव आहे. पावसाच्या टंचाईमुळे इथे पाणी साठवण्याला फार मोल होते. १६८६ मध्ये डोंगरातल्या मोठ्या तलावाचे काम पुरे होऊन पाणी गावापर्यंत पोहोचले, त्या आनंदात गावकऱ्यांनी तात्पुरता मंच उभारून नाटक केले, आणि तिथून हितोयामाचा ग्रामीण काबुकी, म्हणजे जपानी पारंपरिक नाट्यप्रकार, सुरू झाला, असे सांगतात. दरवर्षी ३ मे रोजी गवती छपराच्या रंगमंचावर तो होतो. नट, गायक, मुलांना रंग लावणारे, सगळे गावचेच असतात. समोरच्या गवताच्या पायऱ्यांवर घरोघरची माणसे चटया टाकून बसतात आणि मोठ्या लाकडी पेटीत रचून आणलेले छोटे डबे एकमेकांकडे सरकवतात. त्या डब्यांत साच्यात दाबलेला भात असतो आणि सोय सॉसमध्ये शिजवलेल्या भाज्या असतात. त्या दिवशी तिथे जायचे असेल, तर मुक्कामाची सोय महिनाभर आधी करून ठेवावी.