वळवाचे ढग, पोटरीतलं भात

पडद्यावर आहे ते एका कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान. फोटो माझा आहे, बऱ्याच वर्षांपूर्वीचा, आंदर मावळातला. खाली भाताची खाचरं, मधून गेलेला ओढा, मागे डोंगराची सोंड आणि वर काळ्याभोर ढगांचा मनोरा, त्याच्या कडेला तांबूस उजेड. लोकांना हा फोटो फार आवडला होता. खरं तर त्या दिवशी आभाळ नुसतं राखाडी होतं. घरी आल्यावर मला खालचं सगळं चांगलं वाटलं आणि वरचं रिकामं वाटलं, म्हणून माझ्याच दुसऱ्या एका फोटोतलं आभाळ कापून मी इथे बसवलं. झाडांच्या शेंड्यांमधून आभाळ ओवणं तेव्हा हातानं करावं लागायचं. दोन रात्री त्यात गेल्या. जोड कुठेही दिसत नव्हता.

कॅलेंडर मी काकांना दिलं. काकांचं सगळं आयुष्य मावळात भात करण्यात गेलं. सप्टेंबरचं पान आलं तेव्हा चष्मा लावून ते बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले.

"हा कधी काढलास रे?"

"गेल्या वर्षी, गौरी-गणपतीला आलो होतो तेव्हा."

"मग हे ढग कुठले? हे तर वळवाचे दिसतात. हस्त नक्षत्राचे म्हणावेत तर हस्त लागायला अजून तीन आठवडे होते. आणि भात तर नुसतं पोटरीत आलंय." मग त्यांनी ओढ्यावर बोट ठेवलं. "वरती एवढं तांबडं फुटलंय आणि पाण्यात मात्र काहीच नाही."

पाण्यात राखाडी आभाळ होतं. खरं आभाळ. ते तिथून काढायचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

काका रागावले नव्हते. ते फक्त फोटो वाचत होते, जसं ते शेत वाचतात तसं. वळवाचे ढग मे महिन्याचे, आणि पोटरीतलं, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणातच असलेलं भात सप्टेंबरचं. त्यांना त्यात मे आणि सप्टेंबर एकावर एक बसलेले दिसले. म्हणून आजचा विषय मला सांगितला गेला, "जास्त एडिटिंगनं लँडस्केप सुधारतो की बिघडतो?", तेव्हा 'जास्त' या शब्दापाशीच मी अडलो. त्या फोटोत आभाळ सोडलं तर मी जवळजवळ काही केलं नव्हतं. उलट याच भिंतीवर माझे असेही फोटो आहेत ज्यांच्यावर मी आठवडाभर काम केलंय आणि ज्यांच्यासमोर मी कुणाही शेतकऱ्याला निर्धास्त उभा करेन. त्या जागेचा ऋतू, वेळ आणि हवा फोटोत शाबूत राहिली का, एवढंच मी बघतो. ती राहिली असेल तर एडिटिंग कितीही असो.

आता ज्यांचं म्हणणं असतं की आम्ही एडिटिंग करतच नाही, कॅमेऱ्यातून आलं तेच खरं, त्यांच्याशी दोन शब्द. कॅमेऱ्यातून जे जेपेग, म्हणजे तयार फोटो येतो, तो एडिट झालेलाच असतो. फरक इतकाच, की ते काम कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरनं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. कॅमेऱ्यातला सेन्सर मुळात रंग ओळखत नाही, तो फक्त उजेड मोजतो. त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या काचेची बारीक जाळी असते, त्यात हिरवी घरं लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, आणि मधले रंग गणितानं भरले जातात. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरनं मोजलेलं तसंच्या तसं, उघडून बघा, फिकी आणि मरगळलेली दिसते. डोळ्यानं पाहिलेलं तसं नव्हतं. संध्याकाळी ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे उजेडाची रंगछटा आपोआप सुधारण्यावर, ठेवलेला कॅमेरा तर तिन्हीसांजेची निळाई ही चूक समजून काढून टाकतो. ती परत आणण्यासाठी स्लायडर हलवला, तर मी खोटं केलं का? मी तिथे उभा होतो, निळाई होती.

डोळा आणि कॅमेरा यांतला आणखी एक फरक. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाशी संध्याकाळी उभे राहा. समोर सूर्य, आणि पायाखाली कड्याची ती आत वळलेली काळी भिंत. तुम्हाला दोन्ही दिसतं, कारण डोळा फिरत राहतो आणि जिथे जाईल तिथल्या उजेडाशी जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये सगळं झेपत नाही. आभाळ धरलं तर कडा शाईसारखा होतो, कडा धरला तर आभाळ पांढरं फटफटीत. दोन एक्स्पोजर, म्हणजे एक आभाळासाठी आणि एक कड्यासाठी उजेड मोजून काढलेले दोन फोटो, घेऊन जोडणं हे मला अत्यंत प्रामाणिक काम वाटतं. ते हलक्या हातानं व्हायला हवं मात्र. कड्याच्या कडेनं पांढरी झालर आली, सावली उजेडाइतकीच उजळ झाली, की संध्याकाळ संपली. सावलीला सावली राहू द्यायला हवं.

हे सगळं कॉम्प्युटरनं आणलं असंही नाही. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढत होता. तेव्हा फिल्मऐवजी वापरायच्या कलोडियन रसायन लावलेल्या काचेला निळा उजेड इतका पटकन लागायचा की समुद्र नीट येईपर्यंत आभाळ पार जळून जायचं. त्यानं आभाळाची एक निगेटिव्ह आणि समुद्राची वेगळी अशी क्षितिजावर जोडून प्रिंट काढल्या. एका परीनं हे कोकणकड्याच्या दोन एक्स्पोजरसारखंच. पण त्याचं एकच आभाळ एकाहून जास्त समुद्रांवर सापडतं. तिथे मी थांबतो. काचेची मर्यादा ओलांडणं वेगळं आणि आवडलेले ढग दुसऱ्या दिवसावर चढवणं वेगळं. मी त्या कॅलेंडरवर दुसरं केलं होतं.

अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सचं उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक देतात, म्हणून ते जरा नीट बघू. १९४१ च्या शरदात न्यू मेक्सिकोमधल्या हर्नांडेझ गावाजवळून तो गाडीनं चालला होता. चंद्र वर आलेला, मावळता उजेड दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रूसांवर. गाडी थांबवून घाईघाईनं त्यानं मोठा कॅमेरा लावला. लाइट मीटर सापडेना, तेव्हा चंद्राची प्रखरता त्याला पाठ होती, तिच्यावरून त्यानं एक्स्पोजर ठरवलं. एक निगेटिव्ह झाली. दुसरी घ्यायला फिल्मचा होल्डर उलटा केला तेवढ्यात क्रूसांवरचं ऊन गेलं.

ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी डार्करूममधली, आणि ती जवळपास ४० वर्षं चालली. खालचा भाग फार फिका आला होता, म्हणून १९४८ मध्ये त्यानं निगेटिव्हच्या त्या भागावर रसायनाची प्रक्रिया केली. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये वरच्या आभाळात ढगांचे फिके पट्टे दिसतात. पुढच्या प्रिंटमध्ये एनलार्जर या प्रिंट काढायच्या यंत्राखाली तो आभाळाला जास्त उजेड देत गेला, आणि ते जवळजवळ काळं झालं, कारण कागदावर जितका जास्त उजेड पडतो तितका तो भाग गडद होतो. ॲडम्स पियानो शिकलेला होता. निगेटिव्हला तो स्वरलिपी म्हणायचा आणि प्रिंटला वादन. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. तीच बंदिश तोच गवय्या तिशीत एक गातो, साठीत वेगळी गातो.

आता सांगा, हे जास्त एडिटिंग नाही का? आहेच. तरी चंद्र तिथलाच आहे. क्रूसांवरचं ऊन त्याच संध्याकाळचं आहे. गडद झालं ते आभाळही त्याच गावावरचं आहे.

आता मी माझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो, आणि ती हवेबद्दल आहे.

सह्याद्री बघताना आपण मुख्यतः हवा बघत असतो. राजमाचीवरून किंवा नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहून पाहा. पहिला डोंगर गडद, त्यामागचा थोडा निळसर, त्यामागचा धुरकट, आणि शेवटचा आहे की नाही कळत नाही इतका पुसट. डोंगर किती लांब आहे हे आपल्याला मधली हवा सांगते. जुलैत ती दुधाळ असते, ऑक्टोबरच्या पहाटे काचेसारखी, मार्चपासून वणव्यांच्या धुरानं आणि धुळीनं पिवळट. २०१५ मध्ये लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डिहेझ' नावाचा स्लायडर आला. नावच बघा, धुकट काढून टाका. तो उजवीकडे ओढला की मागचा डोंगर पुढे येतो, त्याच्यावरची झाडं दिसायला लागतात, आणि सगळ्यांना वाटतं, वा, काय क्लिअर आला फोटो! पण दहा कोसांवरचा डोंगर आता शेजारच्या वाडीत येऊन बसलाय. खोली गेली, महिना गेला. जुलैतला राजमाची नोव्हेंबरचा झाला.

हा पुढचा फोटो पाहा. डावीकडचा मी असा केला होता, उजवीकडचा तोच, दहा वर्षांनी पुन्हा केलेला. डावीकडे चार डोंगर मोजता येतात. उजवीकडे सहा. डावीकडे मी सगळं ठळक केलं, त्यात मागचे दोन आभाळाबरोबर घोटाळले आणि हरवले. उजवीकडे मी उलट काम केलंय, डिहेझ शून्याच्याही खाली नेलाय, पहिल्या डोंगराच्या काळ्यात थोडी भर घातलीय, आणि मागच्या प्रत्येक कडेवर ब्रशनं अगदी थोडा उजेड दिलाय. या उजवीकडच्या फोटोवर डावीकडच्याच्या चौपट वेळ गेलाय. एडिटिंग किती, असं विचाराल तर उजवीकडे कितीतरी जास्त आहे.

रंगांचंही तेच. पावसातला हिरवा हा एक रंग नाहीच. भाताच्या तरव्याचा पोपटी, सागाच्या पानाचा मळकट, करवंदीच्या जाळीचा काळपट, दगडावरच्या शेवाळाचा जवळजवळ पिवळा. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, चढवलं की हे सगळे एकाच बादलीत जाऊन पडतात, आणि जो विचित्र, विजेच्या दिव्यासारखा हिरवा निघतो तो कुठल्याच पानावर नसतो. कासच्या पठाराचे फोटो तर दर सप्टेंबरला असेच येतात. तिथे तेरड्याचा गुलाबी आधीच इतका तेज असतो की थोडा जोर दिला तरी पाकळीच्या शिरा नाहीशा होतात आणि जमिनीवर गुलाल सांडल्यासारखं दिसतं. त्याच्या शेजारी सीतेची आसवं असतात. हरभऱ्याएवढं जांभळं-निळं फूल, त्यावर पांढरे ठिपके. मी एकदा गुडघ्यांवर बसून त्याचे फोटो काढले आणि नंतर रंग चढवला, तर तो पांढरा ठिपकाही जांभळट झाला. आसू पुसलं गेलं. पाच मिनिटांत मी स्लायडर परत आणला आणि तेव्हापासून तिथले फोटो करताना त्या ठिपक्याकडेच बघतो. तो पांढरा आहे तोवर ठीक.

काजव्यांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर, भंडारदऱ्याच्या परिसरात, पुरुषवाडीत, राजमाचीला काजवे येतात. त्यांचे जे फोटो तुम्ही पाहता, सगळं झाड आणि झाडाखालची जमीन सोनेरी ठिपक्यांनी भरलेली, ते एका क्षणाचे नसतात. वीस-तीस सेकंदांच्या कितीतरी फ्रेम, तास दोन तासांच्या, एकावर एक रचलेल्या असतात. मीही तसेच काढतो, आणि त्यात मला वावगं वाटत नाही, कारण प्रत्येक ठिपका त्याच झाडावर, त्याच रात्री लुकलुकलेला आहे. पण हे सांगावं लागतं. एकदा तिथे एक कुटुंब गाडीतून उतरलं, मुलगा आठ-नऊ वर्षांचा. झाड अप्रतिम पेटत होतं, क्षणात सगळं उजळायचं, क्षणात अंधार. तो म्हणाला, "बाबा, एवढेच? फोटोत तर खूप होते." वडिलांनी आणखी दिसावेत म्हणून हेडलाइट लावले. काजव्याचा उजेड हा नरानं मादीला दिलेला इशारा असतो. बाहेरचा उजेड आला की तो इशारा पोचत नाही. ते झाड बराच वेळ गप्प झालं.

त्या मुलानं कदाचित माझाच फोटो पाहिलेला असेल. तेव्हापासून काजव्यांच्या प्रत्येक फोटोखाली मी लिहितो, इतक्या फ्रेम, इतका वेळ. काही जण म्हणतात त्यानं जादू जाते. मला उलट अनुभव आहे. दोन तास अंधारात बसून हे जमवलं, हे कळल्यावर लोक जास्त वेळ फोटो बघतात.

बातमी आणि भूगोलाच्या मासिकांचा नियम आणखी कडक हवा हे उघड आहे. 'नॅशनल जिओग्राफिक'नं फेब्रुवारी १९८२ च्या अंकात गिझाचे पिरॅमिड उभ्या मुखपृष्ठात मावावेत म्हणून एकमेकांजवळ सरकवले होते, त्याची चर्चा अजून होते. आणि २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या लँडस्केपच्या मोठ्या स्पर्धेत पहिला आलेला फोटो नंतर बाद झाला, त्यात ढग वरून घातलेले निघाले. तो फोटो पाहताना मला माझं सप्टेंबरचं पान आठवलं.

आज आभाळ बदलायला दोन रात्री लागत नाहीत. फोटोशॉपमध्ये २०२० पासून त्याचं वेगळं बटणच आहे, आणि खालच्या जमिनीवर त्या आभाळाचा रंगही ते आपोआप चढवतं. पाण्यातलं प्रतिबिंबही बदलणारी सॉफ्टवेअर आता आहेत, म्हणजे काकांनी पकडलेली ओढ्याची चूकही टळू शकते. भात मात्र पोटरीतच राहतं. त्याला कोणतं नक्षत्र चालू आहे हे त्या बटणाला माहीत नाही, ते आपल्यालाच माहीत असायला हवं. म्हणून तुम्हाला माझी एक विनंती आहे. फोटो काढला की त्याच रात्री, स्लायडरला हात लावायच्या आधी, चार ओळी लिहून ठेवा. वारा कुठून होता, लांबचा डोंगर दिसत होता का, पाण्यात काय दिसत होतं, शेतात काय उभं होतं. सहा महिन्यांनी एडिटिंगला बसाल तेव्हा रंग आठवत नाही, आठवतं ते दुसऱ्यांच्या फोटोंमधलं.

पुढच्या वेळी येताना प्रत्येकानं एकाच जागेच्या दोन प्रिंट आणा, एक न केलेली आणि एक केलेली, आणि मागे पेन्सिलनं त्या चार ओळी. स्क्रीनवर नको, कागदावरच आणा. आपण त्या टेबलावर मांडू, आणि मी काकांनाही घेऊन येतो.