फळ्यावरची शिडी

बीड जिल्ह्यातलं एक गाव, डिसेंबरची सकाळ. नववीच्या वर्गात इंग्रजीचा तास. बाई आत येतात आणि पुस्तक न उघडता फळ्यावर खडूनं एक शिडी काढतात. तळाला शून्य, टोकाला १०.

ही शिडी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅन्ट्रिल यांची, १९६०च्या दशकातली. टोकाला तुमच्या मनातलं सगळ्यात चांगलं आयुष्य, तळाला सगळ्यात वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? देशांच्या सुखाची क्रमवारी याच प्रश्नाच्या उत्तरांवरून लागते. २०१८ ते २०२५ सलग आठ वर्षं फिनलंड तिथे पहिला होता.

मुलं आपला आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहितात. तो कुणी सांगायचा नाही आणि बाईही बघणार नाहीत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ‘आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस सांग’ म्हणून चौदा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करायचं, तर त्याच्या घरात गेल्या महिन्यात काय झालंय ते आपल्याला कुठे ठाऊक असतं? आणि ‘आर यू हॅपी?’ विचारलं, की सगळा वर्ग एका सुरात ‘येस बाई’ म्हणतो. विषय तिथेच संपतो.

म्हणून बाईंचा पुढचा प्रश्न वेगळा आहे. एक पायरी वर चढायला काय लागेल? शेजारच्याशी बोला, मराठीतच. वर्गात कुजबुज सुरू होते. एसटी वेळेवर आली तर. दादा पुन्हा बोलायला लागला तर. आईबाबा ऊसतोडीवरून परत आले तर. या दिवसांत इथल्या कितीतरी घरांत मुलं आजीजवळ राहतात.

आता हेच इंग्रजीत. एक मुलगी उभी राहते. “टू मी हॅपीनेस इज कमिंग.”

मागची मुलं हसतात. बाई हसत नाहीत, कारण तिचं मराठी अगदी बरोबर आहे. आपल्याला आनंद होतो, राग येतो, आठवण येते. आपण ‘ला’ लावून बाजूला उभे, कर्ता ती भावना. इंग्रजीत मात्र ‘आय’ पुढे येतो. आय ॲम हॅपी. आय मिस हर. बाई दोन्ही भाषांतली वाक्यं शेजारी-शेजारी लिहितात. ‘हॅपी’मधला ‘हॅप’ म्हणजे मध्ययुगीन इंग्रजीत दैव, योग. ‘हॅपन’मध्येही तोच आहे. म्हणजे एके काळी त्यांचाही आनंद दैवानंच यायचा.

ती मुलगी पुन्हा उभी राहते. “आय विल बी हॅपी व्हेन माय मदर...” आणि थांबते. “बाई, इथे ‘कम्स’ की ‘विल कम’?”

“कम्स.”

ती खाली बसून वाक्य पुरं करते. तास संपायला अजून वीस मिनिटं आहेत. बाई आता पुस्तक उघडायला सांगतात.