वाम ओळखावी कशी?

नमस्कार, श्रोतेहो!

लांबट, बुळबुळीत, हातातून सटकणारा मासा दिसला की आपण ‘वाम’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत तो ईल. पण अंग लांब असलं म्हणजे ईल झाला, असं नाही. विजेचा झटका देणारा तो प्रसिद्ध ‘इलेक्ट्रिक ईल’ घ्या. नाव ईलचं, गोत्र मात्र कॅटफिशच्या जवळचं!

खऱ्या ईलांचा गण म्हणजे अँग्विलिफॉर्मिस. त्यात सुमारे हजार जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या समुद्रातल्या. पोटाखालचे जोडपर, म्हणजे पोहताना वापरायचे पंखासारखे अवयव, यांना नसतात. पाठीचा, शेपटीचा आणि गुदाजवळचा पर मिळून एकच सलग झालर होते. इतक्या साध्या साच्यातून निसर्गाने काय काय काढलंय!

खडकांच्या कपारीतला मोरे ईल पाहा. छातीचे परही त्याने टाकून दिलेत. सतत तोंड उघडं, म्हणून तो रागीट वाटतो. बिचारा श्वास घेत असतो. गंमत त्याच्या घशात आहे. तिथे दातांचा दुसरा जबडा असतो. भक्ष्य पुढच्या दातांत अडकलं की हा मागचा जबडा पुढे सरकतो आणि त्याला आत ओढून नेतो. हे नेमकं कसं घडतं, ते २००७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं.

सर्वांत मोठं कुटुंब सर्प-ईलांचं, तीनशेहून अधिक जातींचं. यांना समुद्रसाप समजून लोक घाबरतात. शेपटी बघावी. समुद्रसापाची वल्ह्यासारखी चपटी असते. बऱ्याच सर्प-ईलांची टोकदार आणि टणक असते, आणि तिच्या जोरावर ते उलटे वाळूत शिरतात. काँगर कुळातले गार्डन ईल तर वाळूतून अर्धं अंग बाहेर काढून शेकडोंनी डोलत असतात, लांबून गवतच वाटावं.

मग या सगळ्यांना बांधणारा धागा कुठला? बालपण. ईलचं पिल्लू पानासारखं चपटं आणि काचेसारखं पारदर्शक असतं. आईबापांशी त्याचं काडीचंही साम्य नाही, त्यामुळे शास्त्रज्ञांनी त्याला वेगळाच मासा समजून ‘लेप्टोसेफॅलस’ असं नाव देऊन टाकलं होतं. १८९०च्या दशकात इटलीचे शास्त्रज्ञ ग्रासी यांनी हा गैरसमज दूर केला. असंच पिल्लू टार्पन माशालाही असतं. दिसायला तो चारचौघांसारखा मासा, पण ईलांचा दूरचा भाऊबंद!

या पिल्लांनी एकदा मोठीच हूल दिली. १९३० मध्ये ‘डाना’ या डॅनिश संशोधन जहाजाच्या जाळ्यात १ मीटर ८४ सेंटिमीटरचं पिल्लू आलं. एरवी ही पिल्लं बोटभर असतात. मग याची आई केवढी असेल? समुद्रातल्या महासर्पाची चर्चा रंगली. पुढे उलगडा झाला तो असा, की ते पिल्लू ईलांच्या चुलतकुळातल्या काटेरी खोलसमुद्री माशाचं होतं, आणि त्या कुळात पिल्लाचं प्रौढ माशात रूपांतर झाल्यावर वाढ जवळजवळ थांबतेच. म्हणजे महासर्प वगैरे कुणी नव्हतंच. जाळ्यात आलं तेवढंच त्याचं मोठेपण!

नमस्कार.